‘द रेवन’ मोठ्याने म्हणायची असेल तर

१८ जून १८१६ची रात्र. जिनीव्हा सरोवराच्या काठचा व्हिला दिओदाती नावाचा बंगला. बाराचा सुमार, भुताखेतांच्या गप्पा रंगलेल्या. इंग्रज कवी लॉर्ड बायरन कोलरिजच्या ‘क्रिस्टाबेल’ या कवितेतल्या काही ओळी म्हणून दाखवतो. त्या कवितेतली गूढ बाई कपडे उतरवते, तिच्या अंगावर काहीतरी भयंकर दिसतं, आणि काय दिसतं ते छापील कवितेत कवी सांगतच नाही, तो भाग. ओळी संपतात. खोलीत शांतता पसरते. आणि मग बायरनचा मित्र, कवी शेली, एकदम किंचाळतो, डोकं धरतो आणि मेणबत्ती घेऊन बाहेर पळत सुटतो. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी तिथे होता. त्याने डायरीत लिहून ठेवलंय की शेलीच्या तोंडावर पाणी मारलं, मग ईथर दिलं. स्तनाग्रांच्या जागी डोळे असलेली बाई शेलीच्या मनात उभी राहिली होती म्हणे.

ही नोंद वाचताना माझं लक्ष दरवेळी एकाच गोष्टीवर अडकतं. ओळी चालू असताना शेली किंचाळला नाही. ओळी संपल्यावर, शांततेत किंचाळला.

भीती शांततेत असते, हे मी उलट्या बाजूने शिकलो. एका कॉलेजच्या कार्यक्रमात पहिल्यांदा एडगर अ‍ॅलन पोची ‘द रेवन’ म्हटली तेव्हा अंगावर काळी शाल होती, मोबाइलवर ढगांचा गडगडाट लावला होता आणि कवितेतल्या रेवनसाठी, त्या बोलणाऱ्या काळ्या पक्ष्यासाठी, घसा खरवडून घोगरा आवाज काढला होता. पहिल्या शब्दापासून मी थरथरत होतो. कवितेत पुन्हा पुन्हा येणारं ‘नेव्हरमोर’ तिसऱ्यांदा आलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ‘काव काव’ केलं. उरलेली आठ कडवी हशातच म्हटली. त्यानंतर ही कविता बऱ्याच वेळा म्हटली, शाल आणि गडगडाट घरी ठेवून. त्यातून जे हाती लागलं ते इथे देतोय.

आधी कविता निवडा

गॉथिक, म्हणजे भय आणि गूढ यांच्या, कवितेचं दालन मोठं आहे, पण सगळंच तोंडाने म्हणण्यासारखं नाही. पहिल्यांदाच करत असाल तर कीट्सची ‘ला बेल दाम सां मेर्सी’ घ्या. ४८ ओळी, तीनेक मिनिटांचं काम, आणि प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आखूड. ‘अँड नो बर्ड्स सिंग’ म्हणून झाल्यावर जी पोकळी राहते ती कवीने मोजून ठेवलेली आहे, ती भरू नका. पोची ‘अ‍ॅनाबेल ली’ही सोपी आहे, पण ती फार लवकर गोड होते, आणि गोड झाली की गाणं होतं.

‘द रेवन’ अवघड आहे. तरीही मी तीच शिकायला सांगतो, कारण या प्रकारातले बहुतेक सगळे खाचखळगे तिच्यात एकाच ठिकाणी सापडतात. २९ जानेवारी १८४५ला ती न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग मिरर’मध्ये आली. सहा ओळींची १८ कडवी, म्हणजे १०८ ओळी. सावकाश म्हटली तर नऊ-दहा मिनिटं लागतात. पोचे आईवडील दोघंही रंगभूमीवरचे नट. तो स्वतः बैठकींत ही कविता म्हणायचा तेव्हा दिवे मंद करून घ्यायचा, असं ऐकणाऱ्यांनी सांगून ठेवलंय. म्हणजे अंधाराची हौस त्यालाही होती, फक्त ती त्याने दिव्यावर भागवली, घशावर नाही.

आवाज काढण्याआधी गोष्ट समजून घ्या

कागद हातात घेऊन एकदा साध्या मराठीत कुणाला तरी गोष्ट सांगा. डिसेंबरची मध्यरात्र. एक माणूस जुन्या पुस्तकांत तोंड खुपसून बसलाय, पेंगतोय. लेनोर नावाची त्याची प्रेयसी वारली आहे आणि तो विसर मागतोय. दारावर टकटक होते. दार उघडतो, बाहेर अंधार. खिडकी उघडतो, एक रेवन रुबाबात आत येतो आणि दारावरच्या पॅलसच्या, म्हणजे अथेनादेवीच्या पुतळ्यावर बसतो. माणूस गमतीने त्याला नाव विचारतो. पक्षी म्हणतो, ‘नेव्हरमोर’. पुन्हा कधीच नाही.

आता महत्त्वाचं. या माणसाला सुरुवातीला भीती वाटते, पण तो ती कबूल करत नाही. कुणी पाहुणा असेल, इतकंच, बाकी काही नाही, असं तो स्वतःला समजावतो. आपण मध्यरात्री स्वयंपाकघरात भांडं पडल्यावर ‘मांजर असेल’ म्हणतो ना, तोच सूर. पहिली दोन कडवी म्हणूनच जवळजवळ गप्पांच्या आवाजात हवीत, थोडी झोपाळलेली. चौथ्या कडव्यात तो बंद दाराला ‘सर, सेड आय, ऑर मॅडम’ म्हणत माफी मागतो. तिथे कुणी गालातल्या गालात हसलं तर हसू द्या. रेवनच्या प्रवेशाला आपण जमेल तितकी हास्यास्पद छटा दिली, असं पोनेच १८४६च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ या निबंधात लिहिलंय. आठव्या कडव्यात माणूस पक्ष्याकडे बघून चक्क हसतो. आधी हसलेला श्रोता नंतर जास्त घट्ट सापडतो. माझी चूक ही झाली की मी हसायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून लोकांनी आपली आपण काढली.

अष्टाक्षरी कानातून काढा

मराठी माणसाला या कवितेची चाल पटकन पकडता येते आणि तिथेच घात होतो. लांब ओळ घ्या: ‘वन्स अपॉन अ मिडनाइट ड्रिअरी, व्हाइल आय पॉन्डर्ड, वीक अँड वेअरी’. इंग्रजी उच्चाराने सोळा अवयव (म्हणजे सिलॅबल), मध्ये विश्रांती, आठ आणि आठ. आपल्या कानात अष्टाक्षरी लहानपणापासून बसलेली आहे, त्यामुळे जीभ आपोआप तिच्या रुळावर जाते. पण अष्टाक्षरीत प्रत्येक अक्षराचं वजन साधारण सारखं. इंग्रजीत तसं नाही. तिथे एक अवयव जड, पुढचा हलका, पुन्हा जड, पुन्हा हलका. सगळे सारखे म्हटलेत तर पाढे म्हटल्यासारखं वाटेल.

यावर उपाय पेन्सिलीचा. ‘वन्स’, ‘पॉन’, ‘मिड’, ‘ड्रि’ यांच्याखाली रेघ मारा. टेबलावर बोटाने फक्त रेघेच्या जागी ठोका देत दहा वेळा म्हणा. चाल अंगात भिनली की खोडरबर घ्या आणि चार रेघांतल्या दोनच ठेवा. या ओळीत मी ‘मिड’ आणि ‘ड्रि’ ठेवतो. म्हणजे ठोका चारही ठिकाणी मनात पडतो, आवाज मात्र दोन ठिकाणीच उचलला जातो. हा खोडरबरचा टप्पा लोक गाळतात आणि मग कविता आगगाडीसारखी धावते. ‘क्रिस्टाबेल’ला हीच रीत वेगळ्या अंगाने लागू होते. ओळीतले अवयव सातापासून बारापर्यंत कितीही झाले तरी ठोके चारच, असं कोलरिजने प्रस्तावनेत सांगून ठेवलंय.

आता ओळींची लांबी मोजा. पहिली आणि तिसरी सोळाची. दुसरी, चौथी, पाचवी पंधराची, शेवटचा हलका अवयव गायब. सहावी फक्त सातची: ‘ओन्ली धिस अँड नथिंग मोर’. म्हणजे पंधराच्या ओळीनंतर अर्ध्या ठोक्याची शांतता आधीच लिहून ठेवलेली आहे आणि सहाव्या ओळीनंतर तर आख्खी अर्धी ओळ रिकामी आहे. नवखा माणूस या रिकाम्या जागेत श्वास घेऊन पुढचं कडवं सुरू करतो. तसं करू नका. श्वास घ्या, पण तो घेतलेला दिसू देऊ नका, आणि ती अर्धी ओळ मनात पूर्ण मोजा.

दुसरी एक खोच तिसऱ्या-चौथ्या ओळीत आहे. ‘नॅपिंग’, ‘टॅपिंग’ ही यमकं तिसऱ्या ओळीत, आणि लगेच चौथीच्या मध्यावर ‘रॅपिंग’. यमक कानाला आपोआप ऐकू येतं, त्यावर जोर दिलात तर बडबडगीत होतं. मी ‘टॅपिंग’ मुद्दाम गिळल्यासारखा म्हणतो.

ओठ, दात, जीभ

मराठीत ‘व’ एकच. या कवितेत दोन लागतात. ‘वीक’, ‘वेअरी’, ‘विंड’ला ओठ गोल करून पुढे काढायचे, दात लावायचे नाहीत. ‘नेव्हरमोर’, ‘व्हेल्व्हेट’, ‘व्हायोलेट’ला वरचे दात खालच्या ओठावर. तेराव्या कडव्यात ‘व्हेल्व्हेट व्हायोलेट लायनिंग’ सलग येतं आणि तिथे जिभेची परीक्षा होते. आरशासमोर करा, चूक कानाआधी डोळ्याला कळते.

तिसऱ्या कडव्यातली पडद्याची ओळ, ‘अँड द सिल्कन, सॅड, अन्सर्टन रसलिंग ऑफ ईच पर्पल कर्टन’, ही ‘स’ची ओळ आहे. रेशमी पडदा हलतोय तो आवाज त्या ‘स’मध्येच आहे. वेगळा इफेक्ट लागत नाही, फक्त ‘स’चा ‘श’ होऊ देऊ नका आणि ‘रसलिंग’मध्ये ‘ट’ घुसवू नका. पुढची ओळ न थांबता जोडून घ्यायची, कारण वाक्य तिथे संपलेलं नाही.

‘र’बद्दल आपल्याला चांगली बातमी आहे. पो अमेरिकन होता आणि त्याच निबंधात तो सांगतो की धृपदासाठी त्याने लांब ‘ओ’ निवडला, कारण तो सर्वात घुमणारा स्वर, आणि त्याला ‘र’ जोडला, कारण ते लांबवता येणारं व्यंजन. हे सगळं त्याने कविता झाल्यावर जुळवलं असेल असा संशय बऱ्याच समीक्षकांना आहे. असेना. म्हणणाऱ्याला ते सोन्यासारखं आहे. ‘मोर’, ‘डोअर’, ‘लेनोर’ यांतला ‘र’ ब्रिटिशांसारखा गिळू नका, हलकेच ऐकू येऊ द्या. कडक, फिरवलेला मात्र नको.

काही अडणारे शब्द आधीच पाठ करून टाका: क्वोथ, सर्सीस, सेरफिम, नेपेन्थी, गिलिअड, एडन, प्लुटोनियन. ‘मीन’ हा ‘क्वीन’सारखा. यांचे अर्थ श्रोत्यांना नाही कळले तरी चालतं, पण म्हणणारा अडखळला की ते लगेच कळतं.

एकच शब्द, सहा वेळा

पहिल्या सात कडव्यांपैकी सहा ‘नथिंग मोर’वर संपतात आणि एक ‘एव्हरमोर’वर. आठव्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक कडवं ‘नेव्हरमोर’वर. पण पक्षी स्वतः ते किती वेळा बोलतो? सहा वेळा: आठव्यात, दहाव्यात आणि चौदाव्यापासून सतराव्यापर्यंत. नवव्या, अकराव्या, बाराव्यात माणूस तो शब्द घोळवतोय. तेराव्यात लेनोर या खुर्चीच्या मखमलीला पुन्हा कधीच टेकणार नाही, हे त्याला अचानक आठवतं आणि तो शब्द पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या दुःखाला चिकटतो. अठराव्यातला शब्दही त्याचाच. समासात प्रत्येक ‘नेव्हरमोर’समोर ‘पक्षी’ किंवा ‘माणूस’ असं लिहून ठेवा.

पक्ष्याचे सहाही अगदी एकसारखे म्हणा. सपाट, मध्यम आवाजात, निर्विकार. घोगरा नको, चिरका नको. त्याला एकच शब्द येतो आणि त्याचा अर्थ त्याला माहीत नाही. अर्थ बदलतो तो प्रश्नामुळे. म्हणून मेहनत प्रश्नावर करा. पहिला प्रश्न थट्टेचा, नाव काय रे तुझं. चौदाव्यात विसर मागतो. पंधराव्यात गिलिअडमध्ये मलम आहे का, म्हणजे या दुःखावर काही औषध आहे का, असं विचारतो. सोळाव्यात, स्वर्गात तरी लेनोर भेटेल का. उत्तर काय येणार हे त्याला एव्हाना पक्कं ठाऊक आहे, तरी तो मुद्दाम असेच प्रश्न विचारतो ज्यांना ‘नाही’ ऐकून सर्वात जास्त दुखेल. दुखरा दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपावा तसं. हे कळलं की आवाज चढवायची गरजच राहत नाही.

उत्तराआधीच्या थांब्याचं माझं गणित असं. आठव्यात थांबायचं नाही, पक्षी पटकन बोलून जातो. चौदाव्यात ‘क्वोथ द रेवन’नंतर एक मोजायचं. पंधराव्यात दोन. सोळाव्यात तीन, आणि हे तीन स्टेजवर फार लांब वाटतात, तरी मोजायचे. सतराव्यात माणूस ओरडून उठतो, चालता हो म्हणतो, माझ्या काळजातून चोच काढ म्हणतो. आख्ख्या कवितेत आवाज खरा चढायचा तो इथेच. आणि इथे थांबा शून्य. ओरडण्याच्या शेपटावरच तो सपाट शब्द आदळला पाहिजे. श्रोते तीनची वाट बघत असतात, त्यांना ती मिळत नाही.

हे सगळं जमल्यावर व्हिन्सेंट प्राइस, क्रिस्टोफर ली, बॅसिल रॅथबोन यांची ध्वनिमुद्रणं ऐका. आधी ऐकलीत तर नक्कल सुटणार नाही.

सराव

पहिला आठवडा कुजबुजत म्हणा. कुजबुजीत नाटकीपणा करता येत नाही, फक्त शब्द स्पष्ट करता येतात. दुसऱ्या आठवड्यात चालत म्हणा. धाप लागते त्या जागा म्हणजे तुमच्या श्वासाच्या चुकलेल्या जागा. तिथे आधीच्या अर्ध्या ओळीवर तिरपी रेघ मारून श्वास मागे घ्या. मग फोनवर ध्वनिमुद्रण करून वेळ बघा. सात मिनिटांत संपली तर तुम्ही रिकाम्या जागा खाल्ल्यात.

पूर्ण पाठ झाली तर उत्तमच. नाही तर कागदाच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात तीन कडवी, असे सहा कागद करा. पानाच्या शेवटी कडवं तुटता कामा नये. शेवटची पाच मात्र पाठ हवीतच. तिथे नजर कागदावर असेल तर प्रश्न कुणाला विचारताय ते दिसत नाही. मी नजर श्रोत्यांच्या डोक्यावरून मागच्या दाराच्या चौकटीवर ठेवतो. दोन-तीन जण तरी वळून बघतातच.

खोली, दिवा आणि कावळ्याची गोष्ट

ट्यूबलाइट बंद, टेबलावर एकच पिवळा दिवा, तुमच्या मागे आणि थोडा वर. शेवटच्या कडव्यात दिव्यामुळे पक्ष्याची सावली जमिनीवर पडते, तेव्हा तुमचीही पडलेली बरी. पंखा चालू असेल तर बंद करा, निदान सोळाव्यातल्या त्या तीन मोजण्यांसाठी. माइक असेल तर तोंडाच्या रेषेत नको, जरा बाजूला. ‘टॅपिंग, रॅपिंग’मधला प्रत्येक ‘प’ फाडफाड वाजतो. चाळीस माणसांपर्यंत माइक लागतही नाही.

मराठी श्रोत्यांसाठी एक मिनिटाची प्रस्तावना करा, पण त्यात ‘कावळा’ म्हणू नका. रेवन आपला गावकावळा नाही, डोमकावळ्याहूनही मोठा, जाड चोचीचा, गळ्याखाली पिसं लोंबणारा. ‘कावळा’ म्हटलंत की निम्म्या लोकांना खिडकीतला, पाहुणे येणार म्हणून ओरडणारा आठवतो आणि कविता तिथेच घसरते. मला मात्र खरी गंमत दुसऱ्या कावळ्याची वाटते. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून ताटकळणाऱ्या माणसांना पक्ष्याकडून मेलेल्या माणसाची खबर मागणं काय असतं हे सांगावं लागत नाही. हे प्रस्तावनेत बोलायचं नाही. ज्याला आठवायचं त्याला सोळाव्या कडव्यात आपोआप आठवतं.

शेवटचं कडवं

इथे काळ बदलतो. आतापर्यंत ‘झालं, गेलं’ सांगणारा माणूस एकदम वर्तमानात येतो: ‘स्टिल इज सिटिंग, स्टिल इज सिटिंग’. पक्षी अजून बसलाय. म्हणजे सतराव्यातला आरडाओरडा फुकट गेला. आवाज खाली आणा, पहिल्या कडव्याच्याही खाली, पण शब्द गिळू नका. दुसरं ‘स्टिल इज सिटिंग’ पहिल्यापेक्षा सावकाश.

मग शेवटची ओळ, ‘शॅल बी लिफ्टेड’, तिथे छापील कवितेत आडवी रेघ आहे, आणि मग ‘नेव्हरमोर’. पुढे उद्गारचिन्ह आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. हा शब्द माणसाचा आहे, पण तो पक्ष्याच्या सपाट आवाजात म्हणा, अगदी तसाच, सातव्यांदा. मी हे कुणालाही आधी सांगत नाही. कार्यक्रमानंतर कुणीतरी एकजण येऊन विचारतो, शेवटी कोण बोललं?

त्यानंतर मान खाली घालून गप्प उभं राहायचं. ‘धन्यवाद’ नाही, हात जोडणं नाही. सहाव्या ओळीनंतरची ती रिकामी अर्धी ओळ इथेही आहेच, तिच्यापुढे हवी तेवढी लांबवा. आणि दिव्याच्या बटणापाशी ज्याला बसवलं असेल त्याला आधीच बजावून ठेवा: मी मान वर केल्याशिवाय ट्यूबलाइट लावायची नाही, मागून कुणी खोकलं तरी नाही.